कुंडीतील बाग आणि तिच्याकडे येणारे पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत सदनिकेच्या बाल्कनीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा गच्चीच्या कोपऱ्यात कुंड्यांची बाग करणाऱ्यांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन प्रश्न एकमेकांना भिडतात तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बहुतेक उत्तरांमागची भूमिका एकच आहे: पक्ष्यांपुढे अन्न ठेवण्याऐवजी त्यांचे अन्न ज्यावर तयार होते ती झाडे वाढवावीत.

1. आमची बाल्कनी जेमतेम आठ फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. एवढ्या जागेत खरोखर पक्षी येतील का?

येतील. पक्षी जागेचे क्षेत्रफळ पाहत नाहीत. तिथे काय मिळते आणि संकट आल्यास चटकन आडोसा सापडतो का, एवढेच पाहतात. फुललेली एक जास्वंद, दाट पानांचे एक झाड आणि पाण्याची एक उथळ थाळी एवढ्यावरही सूर्यपक्षी, बुलबुल आणि शिंपी यांची ये-जा सुरू होऊ शकते. इमारतीच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला मोठी झाडे असतील तर हे लवकर घडते, कारण तुमची बाल्कनी त्या झाडांवरून फिरणाऱ्या पक्ष्यांच्या रोजच्या वाटेवरचा एक थांबा होते. आजूबाजूच्या झाडांच्या शेंड्यांपेक्षा पुष्कळ उंचावर असलेल्या मजल्यांवर मात्र छोट्या पक्ष्यांची वाट अधिक काळ पाहावी लागते.

2. कोणते पक्षी येण्याची अपेक्षा ठेवावी, आणि ते ओळखावेत कसे?

सर्वांत आधी बहुधा सूर्यपक्षी येतात. त्यांनाच शिंजीर असेही म्हणतात. जांभळ्या पाठीच्या सूर्यपक्ष्याच्या नराचे पोट पिवळे, गळा जांभळट आणि छातीवर तांबूस तपकिरी पट्टा असतो. जांभळा सूर्यपक्षी विणीच्या हंगामात लांबून सरळ काळा दिसतो आणि उन्हात आला की निळ्या-जांभळ्या रंगात झळकतो. हंगाम संपला की हाच नर मादीसारखा पिवळसर होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते. त्यामुळे आमचा काळा पक्षी कुठे गेला, असे विचारणाऱ्या अनेकांच्या बाल्कनीत तो पक्षी रोज येतच असतो.

शिंपी दिसण्याआधी ऐकू येतो. एवढ्याशा हिरवट पक्ष्याचा आवाज एवढा खणखणीत असेल यावर प्रथम विश्वास बसत नाही. त्याचा माथा तांबूस असतो आणि शेपूट बहुतेक वेळा उभी असते. बुलबुलांपैकी शेपटीखाली लाल, काळ्या डोक्याचा तो लालबुड्या आणि टोकदार तुरा व गालावर लाल ठिपका असलेला तो शिपाई बुलबुल. डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले हिरवे-पिवळे चष्मेवाले थव्याने येतात, दोन मिनिटांत सगळी पाने तपासतात आणि निघून जातात. यांखेरीज चिमण्या, होले, दयाळ, साळुंक्या आणि ठिपकेवाल्या मुनिया दिसू शकतात. आवारातील आंब्यावर बांडगूळ असेल तर टिकेलचा फुलटोच्याही जवळपास असतो. आपल्याकडील अगदी लहान पक्ष्यांत त्याची गणना होते.

3. सुरुवात कोणत्या झाडांनी करावी?

एकाच प्रकारची दहा झाडे लावण्यापेक्षा वेगवेगळ्या गरजा भागवणारी चार-पाच झाडे लावावीत. मकरंदासाठी एकेरी पाकळ्यांची साधी लाल जास्वंद उत्तम. दुहेरी पाकळ्यांची संकरित जास्वंद शोभेला छान असली तरी पाकळ्यांच्या गर्दीतून पक्ष्याला मकरंदापर्यंत पोचणे कठीण जाते. नळीसारख्या लाल फुलांची रसेलिया लोंबत्या कुंडीत छान वाढते. हमेलियाची फुले सूर्यपक्ष्यांना आणि तिची काळसर फळे बुलबुलांना आवडतात. पेंटास आणि एक्झोरा फुलपाखरांनाही खेचून आणतात.

आपल्या मातीतील झाडांचा विचार मात्र आवर्जून करावा. सह्याद्रीच्या उतारांवर हिवाळ्याच्या अखेरीस लाल फुलांनी भरून जाणारी धायटी मोठ्या कुंडीत, नियमित छाटणी करून, चांगली राखता येते, आणि सूर्यपक्ष्यांसाठी तिच्या तोडीचे झुडूप शोधणे अवघड आहे. अडुळसाही तसाच उपयोगी. कढीपत्ता आणि लिंबू यांच्यावर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि त्या अळ्या शिंप्याच्या पिल्लांचे अन्न होतात, तेव्हा कुरतडलेली पाने ही बाग नीट चालल्याची खूण समजावी. तुळस आणि सब्जा यांच्या मंजिऱ्या लगेच खुडू नयेत, कारण त्यांच्यावर मधमाश्या येतात. घाणेरी ऊर्फ लँटाना टाळावी. तिची फळे खाऊन पक्षी बिया दूरवर पसरवतात आणि आपल्या जंगलांत तिने आधीच पुष्कळ जागा व्यापली आहे.

4. कुंडी किती मोठी असावी आणि माती कशी भरावी?

जास्वंद, हमेलिया, कढीपत्ता यांच्यासाठी किमान बारा ते चौदा इंची कुंडी, धायटीसाठी सोळा इंची, तर तुळस, पेंटास यांना आठ ते दहा इंची कुंडी पुरते. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट हे साधारण समभाग घ्यावेत. केवळ लाल माती भरल्यास ती पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट होते. तळाच्या छिद्रावर खापराचा तुकडा ठेवावा. वरून वाळलेल्या पानांचा थर द्यावा. ओलावा टिकतोच, शिवाय त्यात किडे वाढतात आणि दयाळ ते शोधायला उतरतो.

वजनाचे भान ठेवावे. ओल्या मातीने भरलेली बारा इंची मातीची कुंडी सहज वीस किलोच्या आसपास जाते. मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात आणि कठड्यावर कोणतीही सुटी कुंडी कधीही ठेवू नये.

5. आमच्याकडे थेट ऊन फक्त तासभर येते. मग फुले कशी येणार?

जास्वंदीला भरपूर फुलण्यासाठी रोज चार-पाच तासांचे ऊन लागते, त्यामुळे तिथे तिचा हट्ट धरू नये. कमी उन्हात अबोली, कढीपत्ता, मनीप्लँट आणि नेचे तग धरतात. अशी बाल्कनी फुलांची होणार नाही, पण दाट पानांची आणि थंड नक्की होऊ शकते, आणि एप्रिल-मे महिन्यांत भरदुपारी पक्ष्यांना नेमकी तीच हवी असते. तिथे पाण्यावर भर द्यावा (प्रश्न 6).

उलट तक्रार विदर्भातून येते. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेकडील बाल्कनीत हिरव्या जाळीची सावली आणि दोन वेळा पाणी यांना पर्याय नाही.

6. पाणी कसे ठेवावे? डेंग्यूच्या डासांची भीती वाटते.

भीती रास्त आहे आणि उपाय सोपा आहे. मातीची पसरट, उथळ थाळी घ्यावी. पाण्याची खोली एक ते दोन इंचांपेक्षा जास्त नसावी. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्याला त्यावर उतरून हळूहळू पाण्यात जाता येते. थाळी सावलीत, पण जवळच्या झाडाची फांदी गाठता येईल अशा जागी असावी.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पाणी रोज बदलल्यास हे चक्र पूर्ण होऊ शकत नाही. परंतु केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून दोनदा थाळी काथ्याने घासावी. कुंड्यांखालच्या बशा हे डासांचे खरे घर असते. पावसाळ्यात त्या काढूनच ठेवाव्यात.

7. पक्ष्यांसाठी रोज तांदूळ, बाजरी किंवा पोळीचे तुकडे ठेवावेत का?

शक्यतो ठेवू नयेत. शहरात उघड्यावर ठेवलेल्या धान्यावर पहिला ताबा कबुतरांचा बसतो, आणि ती एकदा स्थिरावली की चिमण्या व मुनिया मागे हटतात. शिवाय सूर्यपक्षी, शिंपी, दयाळ, चष्मेवाला यांपैकी कोणीही दाणे खाण्यासाठी येत नाही. ज्यांच्या येण्याने बाल्कनीत जीव येतो, त्यांच्यासाठी ताटलीतील बाजरी निरुपयोगी असते. पाव, फरसाण आणि मिठाचे पदार्थ तर कोणत्याच पक्ष्यासाठी योग्य नाहीत.

धान्य खाणाऱ्या पक्ष्यांसाठी काही करायचेच असेल तर एका पसरट कुंडीत मूठभर बाजरी, राळा किंवा नाचणी पेरावी आणि कणसे झाडावरच राहू द्यावीत. मुनिया काडीला लटकून दाणे टिपतात. कबुतराच्या वजनाला ती काडी पेलत नाही, म्हणून ते तिच्या वाटेला फारसे जात नाही.

8. कबुतरांनी कुंड्या उकरून टाकल्या आहेत. त्यांचे काय करावे?

प्रथम अन्न बंद करावे, स्वतःचे आणि शक्य असल्यास शेजाऱ्यांचेही. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद 2025 मध्ये उच्च न्यायालयात गाजला, तो मुख्यतः आरोग्याच्या कारणावरून. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून दीर्घकाळ आत गेल्यास हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुफ्फुसांचा गंभीर विकार होऊ शकतो. त्यामुळे विष्ठा कधीही कोरडी झाडू नये. आधी पाणी शिंपडावे, मास्क लावावा आणि मग पुसून घ्यावी.

कबुतराला बसण्यासाठी सपाट, मोकळी जागा लागते. कुंडीतील उघड्या मातीत बांबूच्या काड्या चार-चार बोटांवर उभ्या खोचाव्यात किंवा जमिनीलगत पसरणारी रोपे लावून माती झाकावी. घरट्यासाठी काड्या जमू लागल्या की त्या रोज उचलाव्यात. हे काम अंडी घालण्यापूर्वीच करायचे असते. अंडी दिसल्यानंतर मात्र पिल्ले उडेपर्यंत थांबावे, हेच माणुसकीला धरून आहे.

9. कबुतरांसाठी जाळी बसवली आणि आता एकही पक्षी येत नाही. दोन्ही साधता येईल का?

काही अंशी. ढिली, सुरकुतलेली नायलॉनची जाळी सर्वांत वाईट, कारण तिच्यात पक्ष्यांचे पाय आणि पंख गुरफटतात. जाळी ताठ ओढलेली असावी आणि फाटलेले भाग लगेच शिवावेत. इमारतीच्या नियमांत बसत असेल आणि खिडकीला भक्कम लोखंडी ग्रिल असेल तर रसेलियासारखे लोंबत्या फांद्यांचे झुडूप ग्रिलवर पसरू द्यावे व जाळी ग्रिलच्या आतल्या बाजूला घ्यावी. फुले पक्ष्यांच्या बाजूला आणि घर तुमच्या बाजूला राहते. ग्रिलबाहेर कुंड्या टांगू नयेत.

10. आमच्याकडे हमिंगबर्ड येतो. त्याच्यासाठी साखरपाण्याचे फीडर आणावे का?

हमिंगबर्ड केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळतात. आपल्याकडे फुलांवर दिसतो तो सूर्यपक्षी (प्रश्न 2). तो क्षणभर हवेत तरंगू शकतो, पण सहसा देठावर बसून किंवा उलटा लटकून मकरंद घेतो. संध्याकाळी फुलासमोर स्थिर तरंगणारा तपकिरी जीव असेल तर तो बहुधा पतंग असतो.

फीडरची गरज नाही. आपल्या हवेत साखरपाणी लवकर आंबते, त्यावर मुंग्या आणि बुरशी येते. मकरंदाबरोबर सूर्यपक्षी कोळी आणि किडेही टिपतो व पिल्लांना प्रामुख्याने तेच भरवतो. फुललेल्या झाडावर हे सारे मिळते, बाटलीतून फक्त साखर मिळते.

11. जास्वंदीवर मावा आणि पिठ्या ढेकूण पडले आहेत. फवारणी केल्यास पक्ष्यांना अपाय होईल का?

कशाची फवारणी यावर ते अवलंबून आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसातून मकरंद व परागांपर्यंत पोचतात, त्यामुळे पक्षी आणि मधमाश्या येणाऱ्या बागेत त्यांना स्थान नसावे. मावा थोडा असेल तर काहीच करू नये; चष्मेवाले, शिंपी आणि ढालकिडे तो फस्त करतात. जास्त झाल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. पिठ्या ढेकूण हट्टी असतात. त्यांच्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून, फुले वगळून, संध्याकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. फारच ग्रासलेली फांदी छाटून टाकणे हा उत्तम उपाय.

12. बुलबुल आमच्या मिरच्या आणि टोमॅटो खातात. मिरचीने त्यांना त्रास होत नाही का?

होत नाही. मिरचीतील तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो ते पक्ष्यांना जाणवत नाही. बिया पोटातून धडधाकट बाहेर पडतात आणि मिरचीचा प्रसार होतो. टोमॅटो वाचवायचा असेल तर रंग धरताच तोडून घरात पिकवावा किंवा घोसावर सुती कापडाची पिशवी बांधावी. मिरचीचे एक झाड मात्र त्यांच्या नावाने सोडून द्यावे, असा आमचा आग्रह आहे.

13. चिमण्यांसाठी लाकडी घरटे लावले, पण त्या राहायला येत नाहीत. काय चुकते आहे?

प्रवेशछिद्राचा व्यास साधारण 32 मिलिमीटर असावा. त्याहून मोठे असल्यास साळुंकी आत शिरते. पेटी आठ-दहा फूट उंचीवर, दुपारच्या उन्हापासून आणि पंख्यापासून दूर, पक्की बसवावी. छिद्राखाली काडी लावण्याची गरज नसते; तिच्यावर कावळ्याला बसायची सोय होते.

एवढे करूनही चिमण्या न येण्याचे खरे कारण सहसा पेटीबाहेर असते. चिमणीची पिल्ले पहिल्या दिवसांत जवळजवळ पूर्णपणे किड्यांवर वाढतात. फवारलेल्या आवारात आणि फरशीने झाकलेल्या अंगणात किडे नाहीत, लपायला झुडपे नाहीत. म्हणून पेटीसोबत दाट झुडूप आणि पाणी यांची सोय करावी, शिवाय धूळस्नानासाठी बारीक कोरड्या मातीचा एक पसरट ट्रे ठेवावा. परिसरात चिमण्या मुळातच नसतील तर केवळ पेटीमुळे त्या अवतरणार नाहीत.

14. लोंबत्या कुंडीत घरटे झाले आहे आणि त्यात अंडी आहेत. झाडाला पाणी कसे घालावे? घरटे हलवावे का?

घरटे हलवू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते. कायदा बाजूला ठेवला तरी, जागा बदललेले घरटे पालकांना सापडेलच असे नाही.

पाणी कुंडीच्या कडेने, बारीक धारेने, पालक पक्षी स्वतःहून उडून गेल्यावर घालावे. झाड थोडे कोमेजले तरी चालेल. बुलबुलाचे काम महिन्याभरात आटोपते: अंडी उबवण्याचे सुमारे बारा ते चौदा दिवस आणि पिल्ले उडेपर्यंत जवळपास तेवढेच. होल्यालाही सुमारे एवढाच काळ लागतो. सूर्यपक्ष्याची मादी कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेले लोंबते घरटे कपड्याच्या दोरीवरसुद्धा करते; घरटे बांधण्यापासून मोजल्यास तिला महिन्याहून अधिक काळ लागतो, आणि तेवढे दिवस ती दोरी वापरू नये. शिंपी मोठी पाने शिवून घरटे करतो, म्हणून फेब्रुवारीनंतर रुंद पानांच्या झाडांची छाटणी करण्यापूर्वी पानांच्या आत डोकावून पाहावे. छायाचित्रांसाठी जवळ जाऊ नये. तुमच्या येण्याजाण्यावर कावळ्यांचे लक्ष असते.

15. पिल्लू घरट्यातून खाली पडले आहे. हात लावला तर आई त्याला टाकून देते, हे खरे का?

खरे नाही. पिसे न फुटलेले पिल्लू असेल आणि घरटे हाताशी असेल तर त्याला अलगद परत ठेवावे. पालक त्याला स्वीकारतात. अंगभर पिसे, आखूड शेपूट आणि टुणटुण उड्या मारणारे पिल्लू उडायला शिकत असते. त्याला मांजरापासून सुरक्षित अशा जवळच्या झुडपात ठेवून दूर व्हावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. पिल्लू जखमी असेल तर त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवून वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर संपर्क साधावा.

16. एक पक्षी रोज सकाळी आमच्या खिडकीच्या काचेवर चोच मारतो. त्याला आत यायचे आहे का?

नाही. विणीच्या हंगामात नर आपल्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून हुसकावू पाहतो. काचेच्या बाहेरून काही आठवडे कागद किंवा कापड लावावे. आतून पडदा ओढल्याने प्रतिबिंब उलट गडद होते. झाडे किंवा आकाश प्रतिबिंबित होणाऱ्या काचेवर वेगाने धडकण्याचा प्रश्न वेगळा आणि जीवघेणा आहे. त्यासाठी काचेच्या बाहेरच्या बाजूला दर दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लावाव्या लागतात. मध्यभागी चिकटवलेले एकुलते एक स्टिकर उपयोगी पडत नाही.

17. पितृपक्षात आम्ही कावळ्यासाठी पान ठेवतो. ते प्रश्न 7 मधील सल्ल्याच्या विरुद्ध जाते का?

जात नाही. वर्षातून एकदा श्रद्धेने ठेवलेला घास आणि रोजची धान्याची रास यांत फरक आहे. घास केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर, छोटा ठेवावा आणि उरलेले अन्न संध्याकाळपूर्वी उचलावे, म्हणजे उंदीर येत नाहीत. बाल्कनीत घरटे असेल तर मात्र पान गच्चीवर किंवा आवारात ठेवावे, कारण कावळे इतर पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले खातात.

18. दहा दिवस गावाला जायचे आहे. झाडे आणि पाण्याची थाळी यांची व्यवस्था कशी करावी?

कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवाव्यात, मातीवर नारळाच्या शेंड्यांचा किंवा पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि निघण्यापूर्वी भरपूर पाणी घालावे. मोठ्या कुंड्यांसाठी झाकणाच्या बादलीतून सुती वात मातीत सोडता येते. पाण्याची थाळी मात्र पालथी घालूनच निघावे; शेजारी कोणी रोज बदलणार असेल तरच ती भरलेली ठेवावी (प्रश्न 6).

19. येणाऱ्या पक्ष्यांची नोंद कुठे करता येईल?

ईबर्ड या मोफत अ‍ॅपवर बाल्कनीतून पंधरा मिनिटांत दिसलेल्या सर्व पक्ष्यांची यादी नोंदवता येते. दरवर्षी फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही चार दिवसांची पक्षीगणना असते. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. 5 नोव्हेंबर ही मारुती चितमपल्ली यांची आणि 12 नोव्हेंबर ही सालीम अली यांची जन्मतारीख. निरीक्षणासाठी सूर्योदयानंतरचे दोन तास आणि दुपारी चारनंतरचा वेळ चांगला. वहीत दिनांक, वेळ, पक्षी कोणत्या झाडावर होता आणि तिथे काय करत होता, एवढे लिहावे. कोणते झाड कोणासाठी उपयोगी पडते हे अशा नोंदींवरून वर्षभरात लक्षात येते आणि पुढच्या पावसाळ्यात कोणती कुंडी वाढवायची याचा निर्णय सोपा होतो.